पार्बताबाईंच्या धुऱ्यावर

वैशालीचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यात छापखान्यात उभी राहून नव्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. "ताई, आत्याबाई गेल्या," ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू, पार्बताबाई. सकाळी शेतावर जाऊन धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, बघून आल्या, जेवल्या, ओसरीवर जरा आडव्या झाल्या, आणि चहाला उठवायला गेलं तर… वैशाली थांबली. मग म्हणाली, "तुमी येजा. लोक काई मनतीन, तरी येजा." लोक काय म्हणतील हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मला तिसरा महिना चालू होता, आणि पोटुशी बाईनं मयतीला जायचं नसतं. ग्रहणात बाहेर पडायचं नसतं, विळी धरायची नसते, दोरी ओलांडायची नसते… बाईच्या पोटात जीव वाढायला लागला की सगळ्या गावाला तिच्या हातापायांची काळजी वाटू लागते. तिच्या जेवणाची आणि रक्ताची मात्र कोणालाच वाटत नाही. हे वाक्य माझ्या एका पत्रकातलं आहे, आणि ते मी मागे घेणार नाही. मी गेले. दारातच एका म्हातारीनं अडवलं, "पोटुशी हाय ना तू? कायले आली?" आतून वैशालीचा आवाज आला, "आत्याबाईनं बोलावलं मनून आली." म्हातारी बाजूला झाली. मेल्यावरसुद्धा त्या घरात पार्बताबाईंचाच शब्द चालत होता.

गेलेल्या माणसाला लेखात घेण्याआधी धुऊन-पुसून साधू करायची आपल्याकडे पद्धत आहे. मी ती पाळणार नाही. पार्बताबाईंनाही ती आवडली नसती. त्यांचं गाव आंबागडच्या किल्ल्याच्या अलीकडे, तुमसर तालुक्यात. घरची धानाची शेती, आवाज असा की एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बोलल्या तर चौथ्या बांधीतली बाई उत्तर देई. मी त्यांच्या अंगणात पहिल्यांदा पाऊल टाकलं ते भांडायला, आणि भांडण सर्वस्वी त्यांनीच ओढवून घेतलेलं होतं.

झालं होतं असं. वैशालीला पहिला मुलगा झाला, वेदू. त्याला जन्मतः शौचाची जागाच नव्हती. आतडं खालपर्यंत आलेलं, पण बाहेर उघडणारं तोंड नाही. हे असं सरळ लिहिलं की माणसं पुरवणी मिटून ठेवतात हे मला माहीत आहे. मिटू नका. लाजून कुजबुजत बसल्यानं लेकरं जातात, म्हणून मी लिहिते. वेदूचं नशीब एवढंच की प्रसूती करणाऱ्या सिस्टरनं बाळ पुसतानाच उलटं करून पाहिलं आणि लगेच नागपूरला धाडलं. तिथं पोटावर छोटं छिद्र करून आतड्याचं तोंड तात्पुरतं बाहेर काढलं, त्यावर पिशवी लावली. काही महिन्यांनी खाली नवी जागा तयार करायची, ती नीट रुळली की पोटावरचं तोंड बंद करायचं, अशी तीन ऑपरेशनं. बाळ वाचणार होतं. पण बाळाला घेऊन वैशाली गावी परतली ती सासूच्या एका वाक्यात अडकली. "सुनंनं पोटुशी असताना धुऱ्याचं भोक बुजवलं, मनून पोट्ट्याचं बुजलं."

धुरा म्हणजे धानाच्या बांधीचा बांध. पावसाळ्यात खेकडे आणि उंदीर त्याला भोकं पाडतात, आणि एका भोकातून रात्रीत अख्खी बांधी रिकामी होऊ शकते. त्या गावात, आसपासच्या दोन-चार गावांतही, पोटुशी बाईनं असं भोक बुजवायचं नाही अशी रीत होती. वैशालीला पाचवा महिना होता. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, नुकतीच आटोपलेली, गडीमाणूस जवळ नाही, आणि धुऱ्यातून भळाभळा पाणी चाललेलं. तिनं चिखलाचा गोळा घेतला आणि हातानं ठासून लावला. बांधी वाचली. त्या बांधीचं धान कापलं, मळलं, घरात आलं, शिजलं, सगळ्यांनी खाल्लं. आणि ते वाचवणाऱ्या हातावरच लेकराच्या व्यंगाचं खापर फुटलं. नवरा आईपुढे मुका. वैशाली पिशवीवाल्या बाळाला घेऊन माहेरी, बपेऱ्याला निघून गेली. नागपूरच्या दवाखान्यात, व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांसाठी, आमच्या गटाचं मदत केंद्र आहे, तिथं ती मला भेटली. रडत नव्हती. "ताई," ती म्हणाली, "पोट्ट्याचं डॉक्टर करून राहिले. मायं नाव खराब झालं, त्याचं कोन करन?"

तर मी गेले. हातात पत्रकांचा गठ्ठा, डोक्यात राग. पार्बताबाई अंगणात सूप घेऊन बसलेल्या. त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"कोन गावची हाय तू?"

"भंडाऱ्याची."

"लगन झालं काय?"

"नाही."

"मंग लेकराबाळाचं तुले काय समजते? कागद वाटाले आली ना? वाट आन जा."

लग्न माझं पुढे झालं, पण त्या दिवशी मी कागद वाटले नाहीत. म्हटलं, पोटातल्या बाळाच्या आतड्याचं खालचं तोंड दुसरा महिना सरता सरता घडलेलं असतं. वैशालीनं चिखल लावला पाचव्या महिन्यात. जे आधीच घडायचं राहून गेलं, ते तिनं नंतर बंद कसं केलं? पार्बताबाई पाखडायच्या थांबल्या. "मंग कोनं बंद केलं?" मी सांगितलं, कोणीच नाही. कधी जनुकांत बदल असतो. तो आईकडून येतो, बापाकडून येतो, नाहीतर त्या बाळातच नव्यानं होतो. कधी आईचा मधुमेह, गरोदरपणातली काही औषधं, अशा बाहेरच्या गोष्टींचा हात असू शकतो. धूर, तंबाखू, फवारणीची औषधं यांच्याबद्दलही शंका आहे, पण ठाम बोट ठेवता येत नाही. पुष्कळदा आतलं आणि बाहेरचं मिळून काहीतरी होतं, आणि एका बाळाबाबत नेमकं काय झालं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

"मंजे तुले बी मालूम नाई."

"नाही."

"मालूम नाई, आन येवढ्या दुरून भांडाले आली! अवं बाप्पा…" असं म्हणून त्यांनी घरात हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं. ते पिताना मी पाहिलं, पार्बताबाई बोटांच्या पेरांवर महिने मोजत होत्या. एकदा मोजले. मग पुन्हा मोजले.

वेदूच्या दुसऱ्या ऑपरेशनला त्या स्वतः नागपूरला आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. मुलासोबत आल्या, हातात डबा, आणि सुनेशी एक शब्द न बोलता वॉर्डाच्या दाराशी बसून राहिल्या. बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. थोड्या वेळानं उठल्या आणि एकेका खाटेपाशी जाऊन चौकशी करू लागल्या. लहान मुलांच्या आतड्याच्या ऑपरेशनांचा वॉर्ड तो. कोणाला वेदूसारखंच, कोणाचं आतडं मध्येच तुटक, कोणाच्या आतड्याला शेवटी नसाच नाहीत म्हणून शौच पुढे सरकत नाही. पार्बताबाईंचा प्रश्न प्रत्येकीला एकच होता, "तुया हातानं काय झालं, बाई?" आणि गंमत पाहा, प्रत्येकीकडे उत्तर तयार होतं! बालाघाटकडच्या एकीनं ग्रहणात सुई धरली होती. साकोलीकडच्या एकीनं कोहळा चिरला होता. एकीनं बैलाची दोरी ओलांडली होती. शेवटच्या खाटेवर गडचिरोलीकडची एक अगदी कोवळी पोरगी होती. ती म्हणाली, "मी तं काईच नाई केलं, आजी. लय वर्षांनी दिवस गेले, मनून सासूनं मले खाटेवरून उतरूच नाई देलं."

"मंग तुले काय मनतेत?"

"मनतेत, खाटेवर पडून राहिली मनून झालं."

पार्बताबाई तिथूनच वॉर्डाकडे वळल्या. मग मोठ्यानं, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चिखल लावला तरी झालं, सुई धरली तरी झालं, खाटेवर पडली तरी झालं. मंग बाईनं राहावं तरी कुठं?" कोणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या, पोटावर टाके असलेल्या लेकरांना छातीशी धरून. मी चार वर्षं पत्रकं लिहीत होते, आणि माझ्या एकाही ओळीवर बायका अशा हसल्या नव्हत्या.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. सर्जन मॅडम वॉर्डात आल्या. त्या प्रत्येक बाळाच्या घरात आधी कोणाला असं काही झालं होतं का हे विचारत, पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंडं तपासायला सांगत. कारण असं व्यंग कधी कधी एकटं येत नाही. त्यांनी पार्बताबाईंना विचारलं, "आजी, तुमच्या घरात आधी कोणाचं मूल लहानपणीच गेलंय का?" पार्बताबाईंनी आधी मान हलवली, नाही म्हणून. मॅडम पुढे निघाल्या तेव्हा त्यांनी मागून त्यांच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली. "माया पयला होता, जी. घरीच झाला. दूध घे, आन हिरवं हिरवं ओके. पोट फुगून नगाऱ्यावानी झालं. गेला… मायी सासू मने, तू कोठीखालचं उंदराचं बीळ बुजवलं, मनून झालं." मॅडम म्हणाल्या, इतक्या वर्षांनी आता नक्की सांगता येणार नाही. वेदूसारखं असेल, आतड्याचं दुसरं काही असेल, वेगळंच काही असेल. "मंजे हे माया रक्तातून आलं आसन?" "आलं असेल, नसेलही. आलं असलं तरी रक्तातून काय द्यायचं ते कोणी ठरवून देत नाही, आजी. तुम्ही काही केलं नव्हतं. तुमच्या सुनेनंही नाही."

मला वाटलं आता या रडतील. मी हात धरायला पुढे झाले. त्यांनी माझा हात झटकला आणि म्हणाल्या, "मले भूक लागली." खाली टपरीवर जाऊन त्यांनी तर्री टाकून आलुबोंडा खाल्ला, आणखी एक मागवला, तोही खाल्ला. मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे न पाहता, एवढंच म्हणाल्या, "नाई मारलं त्याले मी." उभा जन्म ती बाई स्वतःला खुनी समजत आली होती. आणि जे स्वतःबद्दल मानलं तेच इमानदारीनं सुनेच्या पदरात टाकलं होतं. मला तेव्हा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. एका उंदराच्या बिळापायी! किती घरांत, किती बाया असा खोटा खून पोटात घेऊन भाकरी थापत असतील?

पार्बताबाईंचं त्यापुढचं वागणं मात्र माझ्यासारखं नव्हतं. त्या संतापल्या नाहीत, कामाला लागल्या. वेदूला दवाखान्यातून सोडलं, वैशाली पुन्हा बपेऱ्याला गेली, आणि आठवडाभरात पार्बताबाई बसनं तिच्या माहेरच्या अंगणात हजर. माफी वगैरे शब्द त्यांच्या तोंडात बसत नसत. "चल घरी," म्हणाल्या, "रोवणीचे दिवस आले." वैशाली उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "नाई येत. तुमी जेवढ्या बायाईसमोर मले बोल्ल्या, तेवढ्याईसमोर बोला, मंग येतो." तिचा बाप घाबरून मध्ये पडायला लागला, "अवं, मोठ्या हायेत त्या…" पार्बताबाईंनी त्यालाच गप्प केलं. "बरोबर बोल्ली ते. मी तिच्या जागी असती तं बसभाडं बी मांगतलं असतं."

आणि त्या बोलल्या. रोवणीचा पहिला दिवस होता, धुऱ्यावर सगळ्या रोवणाऱ्या बाया जेवायला बसलेल्या, घरचा भात आणि वरण वाढलेलं. मी होते तिथं. पार्बताबाई त्याच धुऱ्यावर उभ्या राहिल्या आणि चौथ्या बांधीपर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "मागच्या साली मी बोंबलली का वैशालीनं भोक बुजवलं मनून पोट्ट्याले असं झालं. ते खोटं हाय. पोट्ट्याचं जे व्हाचं ते दुसऱ्या महिन्यात झालं होतं, चिखल पाचव्यात लावला. तिनं पानी अडवलं मनून बांधी वाचली. ते धान मी खाल्लं, तुमी खाल्लं. आता ज्याले हे नाई पटत, त्यानं माया घरचा भात खाऊ नोको." कोणी उठलं नाही. एकीनं उलट वरण मागून घेतलं. वैशाली त्या दिवशी सगळ्यात पुढच्या ओळीत रोवत होती.

दोन-अडीच वर्षांनी वैशालीला पुन्हा दिवस गेले. आषाढ आला, धुऱ्याला भोक पडलं, आणि पार्बताबाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. वैशालीचा पाचवा महिना. "आज तिच्या हातानं बुजवतो, सप्पाईसमोर, साऱ्या गावासमोर." मी डोकं धरलं. म्हटलं, अहो, एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. ते चांगलं जन्मलं तरी सिद्ध होत नाही. आणि घरात आधी एक मूल असं असलं तर पुढच्याला असं होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्तच असते. उद्या काही झालं तर?

"झालं तं चिखलानं होईन काय?"

"नाही."

"मंग?"

"लोक म्हणतील ना!"

"लोक तं खाटेवर पडली तरी मनतेत."

 वर त्यांनी त्या वर्षीच्या गावातल्या बाकीच्या पोटुश्या बायाही गोळा केल्या होत्या. "एकीनं दाबलं तं तिच्यावर येईन. सप्पाईनं दाबलं तं कोनावर येईन, सांग बरं?" बाया एकमेकींना ढकलत, लाजत, हसत धुऱ्यापाशी आल्या. वैशालीनं पहिला गोळा लावला. पार्बताबाई वरून ओरडत होत्या, "दाब, पक्कं दाब! पानी चाललं!" शेवटी त्यांनी स्वतः वाकून त्या चिखलावर तळव्यानं जोरात थाप मारली आणि म्हणाल्या, "रोवा आता." तेव्हापासून दर रोवणीला हे होऊ लागलं. गोळे पोटुश्यांनी लावायचे, थाप पार्बताबाईंनी मारायची, आणि थाप पडल्याशिवाय पहिला पऱ्हा चिखलात जायचा नाही. वैशालीला मुलगी झाली, धडधाकट. मी पुन्हा म्हटलं, यानं काही सिद्ध होत नाही. "नोको टाकू तुया कागदात," पार्बताबाई म्हणाल्या, "पेढा तं खाशील?"

आमचं एकच मोठं भांडण त्यानंतर झालं, माझ्या पत्रकाच्या मथळ्यावरून. मथळा होता 'दोष कोणाचा?' त्या वाचायला शिकलेल्या नव्हत्या, मी वाचून दाखवला. म्हणाल्या, "असं इचारलं का लोक कोनाले तरी धुंडतेतच. सून नाई तं नवरा, नवरा नाई तं औषधवाला. तू बी तं फवाऱ्याच्या मागं लागून राहिली." मी तासभर वाद घातला. फवारणीवर प्रश्न विचारायचेच नाहीत का, असं म्हटलं. "इचार ना. पन पोट्टं फुगून राहिलं तवा नोको इचारू. तवा गाडी काढ." मथळा बदलला. आता तिथं असतं : बाळ जन्मलं की आधी उलटं करून पाहा. पहिल्या दिवसात काळं शौच झालं नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, तर थांबू नका.

आणि मग गेल्या वर्षी ती वेळ आलीच. गावातल्या चंद्रकलाबाईंची सून निशा. हिनं त्या वर्षी धुऱ्यावर गोळा लावला होता, सगळ्यांदेखत, हसत. तिचं बाळ जन्मलं, आणि त्याला शौचाची जागा नव्हती.

मी तेव्हा नागपुरात होते, पुढचं मला मागाहून कळलं. ज्याची मला भीती होती तेच झालं होतं. तालुक्याच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर सगळं घर गोळा झालेलं. सिस्टरनं पाहिलं होतं, नागपूरला न्या म्हणून सांगितलं होतं, गाडी उभी होती, आणि चंद्रकलाबाई बाळ हातात घेऊन गाडीत बसायला तयार नव्हत्या. पार्बताबाई बातमी कळताच पोचल्या. त्यांना पाहिल्याबरोबर चंद्रकलाबाईंचा तोल गेला. "तुयाच नादानं माया सुनंनं चिखलात हात घातला! आता पाय! पाय माया नातवाकडं! मी घरी नेतो त्याले, देव करन ते करन!"

पार्बताबाईंनी तिथं जनुकं सांगितली नाहीत, दुसरा महिना सांगितला नाही. म्हणाल्या, "चंद्रकला, तुया राग बरोबर हाय. सप्पा मायावर काढ. पन गाडीत बसून काढ. नागपूर लय दूर हाय, रस्ताभर शिव्या दे, मी आयकतो." आणि त्या आधी स्वतः गाडीत चढून बसल्या, हात पुढे केले. आता शिव्या द्यायच्या तर गाडीतच चढावं लागणार होतं. चंद्रकलाबाई चढल्या.

वाटेवरच्या मौदा गावापर्यंत त्यांनी पार्बताबाईंच्या सात पिढ्या काढल्या. पार्बताबाई आपल्या मध्ये मध्ये बाळाच्या पोटावर हात ठेवून पाहत होत्या, आणि "हो जी," "बरोबर हाय जी," म्हणत होत्या. मौदा मागे पडलं आणि चंद्रकलाबाईंचा आवाज उतरला. त्यांनी विचारलं, "तुया वेदूले पिसवी किती दिवस होती?" हा प्रश्न मला मागाहून त्या दोघींनीही वेगवेगळा सांगितला, आणि सांगताना दोघींचाही चेहरा सारखाच फुलला होता. मी नागपुरात दवाखान्याच्या दाराशी उभी होते. गाडीतून दोन म्हाताऱ्या उतरल्या, एकीच्या हातात बाळ, दुसरीच्या हातात बाळाचे कागद. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. निशाला चंद्रकलाबाईंनी फोनवर सांगितलं ते माझ्यासमोर. "पोट्टं बरं हाय. तू जेव. तुया हातानं काई नाई झालं, मले ह्या बुढीनं गाडीत सांगतलं." परत गावी आल्यावर पार्बताबाईंनी वेदूला चंद्रकलाबाईंच्या अंगणात नेलं आणि त्याचा सदरा वर करून पोटावरचा वण दाखवला. "पाय, येवढंच राहाते." वेदू आता शाळेत जातो. त्याला अजून वेळ सांभाळावी लागते, दप्तरात एक जास्तीची चड्डी असते, पण तो गावातला सगळ्यात जोरात धावणारा पोरगा आहे. सदरा खाली ओढत तो ओरडला, "आजी, सप्पाईले नोको दाखवत जाऊ ना वं!"

मी याला जिंकणं म्हणते. पुन्हा असं बाळ जन्मणारच नाही असं वचन मी देऊ शकत नाही, कोणीच देऊ शकत नाही. कारणं शोधली पाहिजेत, त्यासाठी भांडत राहिलं पाहिजे, मी भांडणार आहे. पण एका गावात बाळ असं जन्मलं, त्याच्या आईनं चिखलात हात घातलेला होता, आणि तरीही शेवटी गाडी निघाली. आई आपल्या घरी राहिली. बाळ वाचलं. हे पार्बताबाईंनी करून दाखवलं, आणि हे करताना त्यांनी एक दिवसही स्वतःला समाजसेविका म्हणवून घेतलं नाही. मी एकदा तसं छापलं होतं. त्यांनी तो कागद शेगडी पेटवायला वापरला.

परवा रोवणीचा पहिला दिवस होता. वैशालीनं बोलावलं. मला आता चौथा महिना. धुऱ्यावर बाया जमलेल्या, पऱ्ह्यांच्या जुड्या बांधीत टाकलेल्या, आणि धुऱ्याला खालच्या अंगाला बोटभर भोक, त्यातून पाणी सुळसुळत चाललेलं. चंद्रकलाबाई भाताचं मोठं पातेलं, गंज, घेऊन सावलीत बसल्या होत्या, मांडीवर निशाचं पोरगं. या वर्षीच्या पोटुश्या एकेक करून वाकल्या, गोळा लावून बाजूला झाल्या. मग वैशालीनं माझ्याकडे पाहिलं.

मी चिखलाचा गोळा उचलला. जनुकं, महिने, मधुमेह, सगळं मला पाठ आहे. रक्त तपासून झालंय, सोनोग्राफी झालीय. आणि तरी त्या भोकासमोर माझा हात थांबला.  पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं होतं या बायांना भीती वाटते कारण त्यांना माहिती नाही… मला तर माहिती होती. मागून वैशाली अगदी सासूच्या सुरात ओरडली, "दाबा ना, ताई! पानी चाललं!" बाजूच्या बाईचा चिखलानं भरलेला हात माझ्या हातावर आला. मी दाबलं. पक्कं दाबलं. पाणी थांबलं.

आणि मग सगळ्या तशाच उभ्या राहिल्या. पऱ्हे हातात, कोणी वाकेना. थाप राहिली होती. त्या ठिकाणी, धुऱ्याच्या त्या वळणावर, पार्बताबाई उभ्या राहत ती जागा बायांनी न ठरवताच मोकळी सोडलेली होती. सावलीतून चंद्रकलाबाई उठल्या. नातवाला कडेवर घेतलं, धुऱ्यावरून तोल सांभाळत आल्या, त्या मोकळ्या जागेत पाय रोवून वाकल्या, आणि नातवाचा तळवा आपल्या तळव्यात धरून ओल्या चिखलावर सणसणीत थाप मारली. पोरगं खिदळलं.

"पायता काय?" त्या ओरडल्या, आणि मला वाटतं चौथ्या बांधीतसुद्धा ऐकू गेलं असेल. "रोवा आता!"